डावीकडे ओढणारी पद्मिनी

अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर देवानंदचं दुकान आहे. पाटीवर ‘व्हील अलाइनमेंट’ असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली रंगाऱ्यानं स्वतःच्या मनानं एक ट्रॅक्टर काढून ठेवला आहे. दुकानाच्या मोठ्या भागात चाकांचं काम चालतं. डाव्या भिंतीला लागून एक सिमेंटचा ओटा आहे, तिथे देवानंदची बायको माणिकबाई मेथी, पालक आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या धुऊन विकते. त्यामुळे गाडी दाखवायला आलेला माणूस सांबार घेतल्याशिवाय सुटत नाही, आणि भाजीला आलेल्याला देवानंद त्याचे टायर कुठून झिजलेत ते न विचारता सांगतो.

देवानंद सत्तावन्न वर्षांचा. “मले नाई मालूम” हे तीन शब्द त्याच्या तोंडून अख्ख्या बडनेरा रोडवर कोणी ऐकलेले नव्हते. एकदा एका बँकेच्या मॅनेजरला त्यानं तोंडावर सांगितलं होतं, “साहेब, गाडी चांगली हाय, चालवनारा खराब हाय.” मॅनेजर लालबुंद होऊन निघून गेला आणि महिन्याभरानं मुकाट्यानं परत आला. देवानंदचं बोलणं लोक खपवून घेतात, कारण त्याच्या हातून गेलेली गाडी नाकासमोर चालते.

तो माळ्याच्या घरातला. शहराला लागून बापाची दोन एकर बागायत होती, वांगी, मेथी आणि सणासुदीला झेंडू. लिहायला शिकायच्या आधी तो सुतळी ताणायला शिकला. या टोकाला खुंटी, त्या टोकाला खुंटी, मध्ये सुतळी, आणि तिच्या बरोबरीनं सरी पाडायची. पुढे दोन भावांत दोन एकर पुरेना, तेव्हा तो अकोल्याला देवमन नावाच्या मिस्त्रीकडे कामाला लागला. पहिल्याच दिवशी देवमननं एका जीपच्या दोन्ही अंगांना सुतळ्या ताणल्या आणि पट्टी घेऊन चाकापासूनचं अंतर मोजायला बसला. देवानंदला हसूच आलं. घरी जे करत होतो तेच करायला पंच्याऐंशी किलोमीटर आलो, असं त्याला वाटलं. तिथे तो अकरा वर्षं राहिला.

त्याच्या दुकानात आजही कॉम्प्युटर नाही. सुतळी आहे, ओळंबा आहे, स्टीलची पट्टी आहे, आणि गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आहे. मशीनबद्दल त्याचा काही राग नाही. “मशीन खोटं नाई बोलत,” तो म्हणतो, “तिले जेवढं विचारलं तेवढंच सांगते. विचारनारा बरोबर पायजे.”

त्याचा खरा गर्व मात्र फरशीचा. चाकांचं माप घ्यायचं तर गाडी उभी असते ती जमीन सपाट हवी, नाहीतर सगळी मापं वाऱ्यावर. नऊ वर्षांपूर्वी जागा घेतली तेव्हा त्यानं खालची काळी माती दीड फूट काढून मुरूम भरून घेतला, वर काँक्रीट, वर फरशी, आणि दोन दिवस गवंड्याच्या डोक्यावर उभा राहिला. दर अक्षय तृतीयेला तो नळी लावून फरशी तपासतो. त्याचा बाप त्याच दिवशी नव्या हंगामासाठी वाफे आणि पाट बघायचा, म्हणून यानंही तोच दिवस धरला. त्या दिवशी फरशी बरोबर निघाली की वर्षभर तिच्याकडे बघायचं नाही. नऊ वर्षांत ती सुतभरही हलली नव्हती, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

पोळा होऊन चार दिवस झाले होते तेव्हा दुकानापुढे एक पद्मिनी मोटार येऊन उभी राहिली. चौऱ्याऐंशी सालची, सायीच्या रंगाची, नव्या नवरीसारखी चमकणारी, आणि जमिनीला इतकी टेकलेली की गतिरोधकावर पोट घासेल. गाडी चालवत होता कुलदीप, चौतीस वर्षांचा, नव्वद किलोचा गडी. त्याच्या शेजारून उतरले ते त्याचे वडील खुशालराव. चांदूर रेल्वेच्या पुढे त्यांचं गाव, तिथे तीस एकर काळं वावर. अंगानं सडपातळ, पांढरा शर्ट, आणि उजवा हात पोटाशी धरलेला.

गोष्ट कुलदीपनंच सांगितली. दोन वर्षांपूर्वी खुशालराव ट्रॉलीवरून पडले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण ताकद परतली नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण स्टीअरिंगशी कुस्ती खेळायची नाही. ही पद्मिनी खुशालरावांनी तरुणपणी घेतली होती आणि तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्या कोणाला तिच्या स्टीअरिंगला हात लावू दिला नव्हता. म्हणून कुलदीपनं ठरवलं, गाडी बाबांसाठी सोपी करायची. त्यानं नव्या गाडीचं इंजिन बसवलं, पुढे डिस्क ब्रेक लावले, गाडी रस्त्याला धरून राहावी म्हणून स्प्रिंगा आखूड केल्या आणि रुंद टायर टाकले. पोरानं जीव ओतला होता. आणि झालं असं की गाडी डावीकडे ओढायला लागली. डावीकडे ओढणारी गाडी सरळ ठेवायची तर उजव्या खांद्यालाच सतत जोर द्यावा लागतो.

“चार ठिकानी दाखवली, काका,” कुलदीप म्हणाला. “दोन इथे, एक अकोल्याले, एक नागपूरले. मशीनच्या चारी कागदावर हिरवं आलं, म्हंजे सगळं बरोबर. अन् खरं सांगू का, मले तं काहीच ओढत नाई.”

“तुले कशाची ओढीन? तू तं बैल हायेस,” देवानंद म्हणाला. त्यानं चारही कागद उलटसुलट करून पाहिले आणि बोट ठेवलं. “हे हिरवं कोनाच्या हिशेबानं? मशीननं पुस्तकात पाह्यलं का पद्मिनीचं माप काय. पुस्तक कोनत्या पद्मिनीचं? बारीक टायरची, उंच स्प्रिंगची. थे गाडी आता हाय का? तू तं तिले नवीन करून टाकली. गाडी नवीन, माप जुनं. मंग हिरवं काय अन् लाल काय?”

कुलदीपचं तोंड उतरलं. खुशालराव देवानंदजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे पाय देवानंद, हे शेवटचं. तू सरळ करून दे. मंग बी मले ओढली, तं मी समजीन का गाडी नाई, माहा खांदाच गेला. पोरगा तं म्हनूनच राहिला का त्याले काही ओढत नाई. मंग मी स्टेरिंगले हात नाई लावनार. अकोल्याचा एक शौकीन गाडी मांगून राहिला, त्याले देऊन टाकू.”

“खांद्याचं मले नका सांगू, भाऊ. शनवारी गाडी न्या,” देवानंद म्हणाला. “सरळ जाईन. मी सांगून राहिलो ना.”

काम सुरू करण्याआधी त्यानं खुशालरावांना माणिकबाईच्या भाजीच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. हा त्याचा जुना शिरस्ता. गाडीत रोज जेवढं वजन बसतं तेवढं ठेवूनच तो चाकं लावतो. काट्यानं चोपन्न किलो दाखवले. मग वांग्याचं एक पोतं आणि वर दोन कोबीचे गड्डे मिळून चोपन्न किलो झाले आणि ते खुशालरावांच्या जागी बसले. “वयनीचं किती धरू?” देवानंदनं विचारलं. खुशालराव म्हणाले, “तिचं वजन मी पंचेचाळीस वर्षांत नाई विचारलं, तू बी नको विचारू.” तसंही मैनाबाई आता गाडीत बसत नव्हत्या. नव्या रूपातल्या गाडीत त्या एकदाच बसल्या होत्या. एका खड्ड्यात गाडीनं डावीकडे अशी उडी घेतली की त्या घरी उतरून म्हणाल्या, बस झालं, आता मी एसटीनं जाईन.

त्या उडीचं कारण देवानंदनं पहिल्याच दिवशी शोधलं. त्यानं पुढची स्प्रिंग काढली आणि चाक जॅकनं हळूहळू वर-खाली केलं. स्टीअरिंगला कोणी हात लावलेला नव्हता, तरी चाक वर गेलं की आपोआप तोंड फिरवत होतं. गाडी खाली बसवल्यामुळे स्टीअरिंगचे दांडे तिरपे झाले होते, म्हणून प्रत्येक खड्ड्यात चाकं स्वतःच्या मर्जीनं वळत होती. “उभ्या गाडीचं माप घेतलं तं हे कोनाले दिसनार?” तो कुलदीपला म्हणाला. त्यानं गाडी पुढून एक इंच उचलली, दांड्याच्या सांध्याखाली तुकडा बसवला, आणि दांडे आडवे करून घेतले.

दुसऱ्या दिवशी कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो आणि त्यामुळे सायकल सरळ जाते, तसंच मोटारीच्या चाकाचंही असतं. कल जास्त दिला की गाडी सरळ धावते, पण स्टीअरिंग जड होतं. खुशालरावांना सरळही हवी आणि हलकीही हवी. देवानंदनं पातळ पट्ट्या घालून, काढून, पुन्हा घालून सात वेळा गाडी फिरवून आणली. सातव्या वेळी वळणावरून स्टीअरिंग आपल्या आपण परत आलं आणि तरी दोन बोटांनी फिरलं. त्या दिवशी तो जेवायलाही गेला नाही, आणि माणिकबाईनं जेवणाबद्दल एक शब्दही काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सुतळ्या ताणल्या, ओळंबा सोडला, पुढची दोन्ही चाकं उभ्या रेषेत लावली. शेवटी स्वतः गाडी घेऊन पाच किलोमीटर चक्कर मारली. खड्ड्यात गाडी हूं की चूं करेना. देवानंद खूश झाला. परत येताना रिकाम्या रस्त्यावर त्यानं दोन्ही हात सोडले, आणि गाडी अगदी हलकेच, चोरपावलांनी, डावीकडे सरकली.

रस्त्याचा उतार असेल, तो स्वतःशी म्हणाला. आपले सगळेच रस्ते कडेला उतरते. आणि तो विषय त्यानं तिथेच संपवला.

शनिवारी बाप-लेक गाडी घेऊन गेले. मंगळवारी कुलदीपचा फोन आला. “काका, गाडी एकदम झकास झाली. मी नव्वदनं चालवली, हलत नाई. पन बाबांनी चाबी मले देऊन टाकली.”

“काहून?”

“घरी येईपर्यंत त्यायचा खांदा भरून आला. मी म्हटलं, बाबा, गाडी तं सरळ हाय. तं म्हनते, होय, गाडी सरळच हाय, मीच वाकडा झालो. दोन दिवसांपासून बोलतच नाई कोनाशी. अकोल्याचा गिऱ्हाईक इतवारी येऊन राहिला. तुमचा काही दोष नाई काका. वय झालं त्यायचं.”

फोन ठेवून देवानंद स्टुलावर बसला. दोष नाही म्हणाला पोरगा, आणि तेच त्याला खुपलं. रिकाम्या रस्त्यावर हात सोडले तेव्हाची ती चोरपावलं त्याला आठवली. आपण ती पाहिली होती आणि रस्त्यावर ढकलून मोकळे झालो होतो. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून एक माणूस स्वतःला निकामी ठरवून बसला, या विचारानं त्याला अंगातून शरम वाटली. तरी मन माघार घेईना. सुतळी बरोबर होती, ओळंबा बरोबर होता. मग राहिलं काय?

माणिकबाई दुकान बंद करण्याआधी फरशीवर बादलीभर पाणी मारत होती. ते पाणी सरळ उजवीकडे वाहत आलं आणि देवानंदच्या चपला भिजल्या.

“काहून इकडे पानी सोडून राहिली वं?” तो खेकसला.

“मी कुठं सोडून राहिली? पानीच तिकडे पयते,” ती म्हणाली. “पहिले ओट्याकडे ये, नालीत जाये. आता महिना झाला, उलटं जाऊन राहिलं.”

देवानंद उठून उभा राहिला. “महिना झाला? मंग सांगतलं काहून नाई?”

“तुमाले सांगतलं तं तुमी म्हनान, मले मालूम हाय.”

त्यानं नळी आणली. एक टोक माणिकबाईच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि चाकं जिथे उभी राहतात त्या चारही जागा एकेक करून पाहिल्या. तीन जागा सारख्या. डाव्या पुढच्या चाकाची जागा, ओट्याजवळची, एक सेंटीमीटर वर. त्यानं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं.

मागच्या दिवाळीत त्यानंच हौसेनं तो ओटा बांधून दिला होता, बायकोनं ग्रीसमध्ये बसून भाजी धुऊ नये म्हणून. ओट्याचा पाइप खालून फुटला होता. रोजचं धुण्याचं पाणी आणि वर चार महिन्यांचा पाऊस, सगळं त्या कोपऱ्यात मुरत राहिलं. खाली दीड फूट मुरूम, आणि त्याच्या खाली तीच काळी माती. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पाणी प्यायली की फुगणारी. अक्षय तृतीयेला फरशी बरोबरच होती, कारण तेव्हा ऊन तापत होतं आणि माती वाळलेली होती. त्यानं उन्हाळ्यातल्या मातीवर विश्वास ठेवून पावसाळ्यात काम केलं होतं. माळ्याच्या पोरानं.

जमीनच कललेली असली तर ओळंबा खरा ठरतो आणि चाक खोटं. दुकानात डावं चाक सरळ उभं दिसत होतं. तेच चाक सपाट रस्त्यावर गेलं की वरून बाहेर झुकत होतं, आणि चाक झुकतं तिकडे गाडी जाते. फार नाही, जेमतेम अर्ध्या-एक अंशाचा मामला. कुलदीपच्या दंडाला ते कळलंही नसतं. मोडलेल्या खांद्याला मात्र तीस किलोमीटरमध्ये बरोबर कळलं. अख्ख्या अमरावती-अकोल्यात एकच यंत्र खरं सांगत होतं, आणि ते खुशालरावांचा खांदा होतं.

बुधवारी सकाळी देवानंदनं दुकान उघडलं नाही. महिन्याभरात जेवढ्या गाड्या त्या फरशीवरून गेल्या होत्या त्या सगळ्यांना फोन करून परत या म्हणून सांगितलं, बँकेच्या मॅनेजरलासुद्धा. मग मोटारसायकल काढली आणि चांदूर रेल्वेचा रस्ता धरला.

खुशालराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर पद्मिनी धुऊन पुसून उभी, गिऱ्हाइकासाठी. मैनाबाईंनी चहा आणून दिला आणि त्या दारातच थांबल्या.

“भाऊ, गाडी ओढते,” देवानंद उभ्याउभ्याच म्हणाला. “तुमचा खांदा बरोबर हाय. चूक माही हाय.”

खुशालराव थोडं हसले. “समजूत काढायले आला का?”

“समजूत काढायले मी बाजूच्या घरी नाई जात. तीस किलोमीटर कुठं येऊ?”

त्यानं अंश सांगितले, चाकाचा कल सांगितला, बोटानं मातीत चित्र काढून दाखवलं. खुशालराव मान हलवत होते, पण त्यांच्या डोळ्यांत काही हलत नव्हतं. चांगला माणूस आहे, मन राखायला काहीतरी बोलतो आहे, असंच त्यांना वाटत होतं. देवानंद हतबल झाला. आपलं बोलणं कोणाला पटत नाही हा अनुभव त्याला नवा होता. शेवटी तो म्हणाला, “भाऊ, माह्या फरशीखाली कायी माती हाय. दीड फूट मुरूम टाकला होता. ओट्याचा पाइप फुटला, चार महिने पानी मुरलं, अन् कोपरा वर आला.”

खुशालरावांनी मान वर केली. “किती मुरूम?”

“दीड फूट.”

“दीड फूट?” ते खुर्चीत सरळ झाले. “दीड फुटानं काय होते? अरे, थे माती पानी पेली का घर उचलते! चार फूट उपसा लागते, मंग मुरूम. माह्या बापानं गोदाम बांधलं तं पाच फूट काढली होती, म्हनून आजपर्यंत भिंतीले रेघ नाई. तू वांगी पिकवनारा मायी ना? अन् तुले कायी माती मालूम नाई? अन् पाइप? पाइप टाकून पायला नाई का कधी? अन् वरून मोठा लेव्हल काढते!”

ते दहा मिनिटं थांबले नाहीत. गवंडी काढले, मुरूम काढला, देवानंदची अक्कल काढली. दारात मैनाबाई पदराआडून हसत होत्या. तीन दिवसांत घरात या माणसाचा आवाज निघाला नव्हता. देवानंद खाली मान घालून ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला झाडत होतं आणि त्याला बरं वाटत होतं.

“चाल,” खुशालराव उठले. “मले दाखव थे फरशी.” कुलदीपनं पद्मिनी काढली, मोटारसायकल अंगणातच ठेवून देवानंदही तिच्यात बसला आणि तिघं निघाले.

दुकानात आल्याआल्या त्यांनी माणिकबाईकडून तांब्याभर पाणी मागितलं आणि डाव्या कोपऱ्यात स्वतः ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि उजवीकडे निघालं. खुशालराव ते पाणी पार दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा खांदा हलकेच दाबला.

फरशी त्या दिवशी दुरुस्त होणार नव्हती. पण गाडीला सपाट जागा देता येत होती. देवानंदनं पत्र्याचे तुकडे कापले आणि तीन जागांवर एकावर एक रचले, चारही ठिकाणी पाण्याची पातळी एक येईपर्यंत. नळीचं एक टोक खुशालरावांनी धरलं होतं. “केसभर वर,” ते सांगायचे. “नाई, जास्त झालं, काढ एक.” देवानंद सांगतील तसं करत होता. मग गाडी त्या पत्र्यांवर घेतली, या वेळी पोत्याऐवजी सीटवर खुद्द खुशालरावांना बसवलं, आणि पुन्हा ओळंबा सोडला. डावं चाक सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल इतकं बाहेर झुकलेलं होतं. कुलदीप ते वाकून पाहत राहिला. “बाबा, तुमी खरं सांगत होते,” तो म्हणाला. खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दुपारी चारला काम झालं. “चालवा,” देवानंद म्हणाला आणि शेजारी जाऊन बसला. कुलदीप मागे बसला.

बडनेऱ्यापर्यंत खुशालरावांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. देवानंद रस्त्याकडे बघतच नव्हता. तो उजव्या खांद्याकडे बघत होता. दहा किलोमीटर झाले, खांदा वर चढलेला होता. पंधरा झाले, तो थोडा उतरला. पुढे सोयाबीनच्या पिवळ्या पडलेल्या वावरांमधून सरळ रस्ता लागला, तेव्हा खुशालरावांनी उजवा हात स्टीअरिंगवरून काढला, शर्टाच्या खिशातून रुमाल घेतला, तोंड पुसलं, रुमाल परत ठेवला. एवढ्या वेळात डाव्या हाताची बोटं स्टीअरिंगवर नुसती टेकलेली होती, आणि गाडी रेषेवरून ढळली नाही. देवानंद खिडकीबाहेर पाहू लागला.

घरापुढे गाडी थांबली. खुशालरावांनी इंजिन बंद केलं नाही. मैनाबाई बाहेर आल्या आणि स्टीअरिंगवर कोण आहे ते पाहून जागीच उभ्या राहिल्या.

“उतर,” खुशालराव देवानंदला म्हणाले. मग मागे न पाहताच, “तू बी उतर रे.” आणि बायकोकडे पाहून त्यांनी शेजारच्या सीटवर हात थोपटला.

“गचका देईन थे,” मैनाबाई म्हणाल्या.

“बसून पाय.”

मैनाबाईंनी एकदा देवानंदकडे पाहिलं. देवानंदनं दार उघडून धरलं होतं. त्या पदर खोचून बसल्या, दोन्ही हातांनी पुढची पट्टी धरली, आणि पद्मिनी निघाली. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. गाडी त्यावर चढली, उतरली, आणि सरळ पुढे गेली. मैनाबाईंचा एक हात पट्टीवरून सुटून डोक्यावरचा पदर सावरायला गेला, तेवढं या दोघांना मागून दिसलं. मग गाडी वळणाआड झाली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाडी परतण्याचं चिन्ह नव्हतं. देवानंदची मोटारसायकल सकाळपासून तिथेच अंगणात होती, पण त्याला निघावंसं वाटेना.

कुलदीपचा फोन वाजला. अकोल्याचं गिऱ्हाईक होतं, रविवारी किती वाजता येऊ म्हणून विचारत होतं. कुलदीपनं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

“नाई हो, गाडी दाखवता नाई येत,” तो म्हणाला. “बाबा घेऊन गेले.”